प्रत्ययांचे माहेर

शब्दाचे धड सोडून त्याच्या शेपटाकडे पाहत बसण्याची आमची खोड जुनी आहे. इंग्रजीतल्या व्यवसायवाचक नामांपाशी तर आम्ही हमखास रेंगाळतो. बेकर आणि टेलर कानाला सख्खे भाऊ वाटतात. परंतु बेकरचे शेपूट जुन्या इंग्रजीतले, टेलर मात्र फ्रेंच घरातून आलेला. १०६६ साली नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या गादीवर बसला आणि पुढे दीर्घकाळ दरबारात फ्रेंच नांदली. पाव भाजणारा, दळणारा, विणणारा, मेंढरे राखणारा यांची नावे देशीच राहिली. शिंपी, खाटीक, सुतार, न्हावी आणि वाणी यांची फ्रेंच वळणाची झाली. बटलर म्हणजे मुळात बाटल्यांवर देखरेख करणारा. कालांतराने हे पाहुणे प्रत्यय इतके रुळले, की कोण घरचा आणि कोण दारचा हे कोश उघडल्यावाचून कळेना.

तथापि आम्हांला अधिक खुणावतो तो एक विझलेला देशी प्रत्यय. जुन्या इंग्रजीत काम करणाऱ्या स्त्रीसाठी ‘-स्टर’ होता. ब्रूस्टर बिअर गाळी, बॅक्स्टर पाव भाजी, वेबस्टर कापड विणी, स्पिन्स्टर सूत काती. ही नावे कुणाच्या पत्नीची नव्हेत, कसबाची होती. पुढे हा प्रत्यय पुरुषांनाही लागू लागला आणि त्यातले बाईपण पुसट झाले. ती जागा फ्रेंचमधून आलेल्या ‘-एस’ने घेतली. ‘सीमस्ट्रेस’मध्ये तर जुन्या प्रत्ययावर नवा चढवलेला दिसतो, एकाच शिवणकरणीला दोनदा बाई ठरवले गेले! शिवाय ‘-एस’ पुष्कळदा पुरुषाच्या नावाला जोडला जातो. ‘मेयरेस’ म्हणजे महापौर स्त्री, तशीच महापौरांची पत्नीही.

विणकरीण आडनावात जाऊन बसली. आपण ज्या वेबस्टरचा कोश चाळतो, त्याच्या नावात ती अजून आहे. कातणारणीचे नशीब याहून खडतर. तिचे काम गळाले आणि ‘लग्न न झालेली’ एवढाच अर्थ उरला. इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदणीतून हा शब्द गेला तो थेट २००५ साली.

हे वाचून इंग्रजांना हसावे, तर आमची मराठी आड येते. ‘डॉक्टर’ हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमार्गे शिरला, इंग्रजीतून आपल्याकडे आला आणि आपण त्याला ‘-ईण’ जोडून मोकळे झालो. डॉक्टरीणबाई म्हणजे औषध देणारी, की औषध देणाऱ्याची बायको? मास्तरीणबाईंचेही तेच. कुंभारीण जन्मभर माती मळते, मडकी वाळवते, बाजारात नेऊन विकते. तरी कोश तिची ओळख बहुधा आधी कुंभाराची बायको म्हणूनच करून देतो.

भाषेने बाईला काम दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही. कामाचे नाव मात्र तिला बहुधा नवऱ्याच्या घरूनच आणावे लागले.