वेशीबाहेर

‘वेस’ हा मराठी शब्द केवळ दगडी कमानीपुरता नाही. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण, यावरून आपल्या खेड्यापाड्यांत माणसाची पायरी ठरत आली. अब्रू टांगली जायची तीही वेशीवरच. गावाने कोणाला आत घेतले यापेक्षा कोणाला बाहेर काढले, हे वेशीला अधिक ठाऊक असते. गतवर्षी दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोल नगरीत, एका जुन्या वेशीसमोर उभा राहिलो तेव्हा हा विचार माझ्या मनात घर करून बसला.

चोसन घराण्याचा संस्थापक राजा तेजो याने १३९६ साली आपल्या नव्या राजधानीभोवती तट उभारला. डोंगरांच्या माथ्यांवरून वळणे घेत गेलेल्या या तटाची लांबी सुमारे साडेअठरा किलोमीटर. त्याला चार महाद्वारे आणि चार लहान द्वारे होती. आग्नेयेकडील लहान द्वाराचे नाव ग्वांगहीमुन, म्हणजे उज्ज्वल प्रकाशाचे द्वार. परंतु लोकांच्या तोंडी मात्र त्याचे नाव सिगुमुन, अर्थात प्रेतद्वार! नगरात मृत्यू पावलेल्यांना बाहेर नेण्याची मुभा दोनच द्वारांतून होती: पश्चिमेचे सोसोमुन आणि हे ग्वांगहीमुन. महाद्वारांना प्रेताचा विटाळ चालत नसे. दैवाची लीला अशी की मांचू आक्रमणाच्या वेळी, १६३६-३७ च्या हिवाळ्यात, जीव वाचवण्यासाठी नगर सोडून पळणारा राजा इंजो याच द्वारातून बाहेर पडला.

आज हे द्वार वाहत्या रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभे आहे. खाली ग्रॅनाइटच्या शिळांची कमान, वर कौलारू छपराचा लाकडी सज्जा. मूळचा सज्जा काळाच्या ओघात नष्ट झाला. १९७५ साली द्वार थोडे दक्षिणेला सरकवून त्याची पुनर्बांधणी करण्यात आली. तटाचा एक तुकडा शेजारच्या वस्तीतून चढावर गेलेला दिसतो. कमानीखालून पलीकडे जायला काही पावले पुरतात. मला मात्र ती पावले टाकायला बराच वेळ लागला.

कारण या वाटेने माझे धर्मबंधू बाहेर फेकले गेले होते. कोरियातील ख्रिस्तसभेचा उगमच आगळा आहे. तेथे श्रद्धा नेली ती परदेशी मिशनऱ्यांनी नव्हे. ग्रंथांच्या वाचनातून प्रभू येशूची ओळख झालेल्या विद्वानांपैकी यी सुंग-हून याने १७८४ साली बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परतल्यावर इतरांना दिला. पुढची दहाएक वर्षे त्या मंडळीला धर्मगुरूच नव्हता. पितरांच्या पूजाविधीस या लोकांनी नकार दिला, सरदार आणि दास एकाच पंक्तीला बसू लागले. राजसत्तेला हा द्रोह वाटला. १८०१, १८३९, १८४६ आणि १८६६ या साली छळाच्या लाटा उसळल्या. नगरातील कारागृहांत यातनांनी मेलेल्या, गळा आवळून मारलेल्या कित्येकांचे देह या प्रेतद्वाराबाहेर टाकण्यात आले.

या लाटांपैकी पहिलीच्या काळातला एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो. ह्वांग इल-ग्वांग हा जातीने खाटीक. त्या समाजात खाटिकांचा स्पर्श नकोसा, वस्ती वेगळी. आपल्या वाचकांना ही रीत समजावून सांगायला नको. ख्रिस्ती मंडळीत मात्र सरदार घराण्यांतील माणसांनी त्याला भाऊ म्हणून जवळ केले. तेव्हा तो म्हणत असे, माझ्यासाठी स्वर्ग दोन आहेत, एक मरणानंतरचा आणि एक इथेच. १८०२ साली दूर होंगजू येथे त्याला देहदंड झाला. जन्माने वेशीबाहेरच्या या माणसाला आतली जागा मिळाली ती ज्यांनी दिली, त्यांचीच प्रेते पुढे वेशीबाहेर पडली!

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली सोलमध्ये कोरियातील १०३ रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले. १६ ऑगस्ट २०१४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आणखी १२४ जणांना धन्यवादित घोषित केले; ह्वांग त्यांत आहे. तो सोहळा झाला ग्वांगह्वामुनसमोर. ज्या राजसत्तेने या लोकांना नगराबाहेर फेकले, तिच्याच राजवाड्याचे ते महाद्वार. त्या सकाळी पोप महोदयांनी प्रथम सोसोमुनच्या वधस्थळी जाऊन प्रार्थना केली होती.

ज्यांची नावे उरली त्यांचे हे झाले. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत क्रूसावर मरण पावला. त्याचे नाव आमची मुले घेऊन वाढतात. ग्वांगहीमुनच्या बाहेर पडलेल्या बहुतेकांना मात्र नावही नाही. धर्मगुरूला हे सलते. दफनविधीनंतर नोंदवहीत मृताचे नाव लिहिणे हे माझे नित्याचे काम. काही वर्षांपूर्वी समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला एक मृतदेह, गळ्यातल्या लहानशा क्रूसावरून, आमच्या कबरस्तानात पुरण्यात आला. नावाच्या रकान्यात मी ‘अज्ञात’ लिहिले. त्या एका शब्दाशी माझी लेखणी जितकी अडखळली तितकी दुसऱ्या कोणत्याही नावाशी अडखळलेली नाही.

द्वारापासून हाकेच्या अंतरावर झाहा हदीद यांच्या आराखड्यानुसार बांधलेली, रुपेरी पत्र्यांची विशाल वास्तू आहे. ती २०१४ मध्ये खुली झाली. पूर्वी तेथे क्रीडांगण होते. ते पाडून खोदकाम केले तेव्हा मातीखालून जुना तट आणि पाणी वाहून नेणारी दोन कमानींची मोरी वर आली. थोडे उत्तरेला पूर्वेचे महाद्वार, हुंगिन्जीमुन. सभोवती रात्रभर जागणारा कापडबाजार. गठ्ठे वाहणारे हमाल, घासाघीस करणारी गिऱ्हाइके, दिव्यांचा लखलखाट. नगर आपल्या व्यवहारात दंग असते. त्यात वावगे काही नाही. पण जे पुरले ते संपले, असा त्याचा समज तेवढा खरा नसतो.

इब्री लोकांस पत्र येशूविषयी सांगते की त्याने वेशीबाहेर दुःख सोसले. हे मी शेकडो वेळा वाचले असेल. त्या कमानीपलीकडे उभे राहिल्यावर ते वाचन राहिले नाही. आपला प्रभू शोधायचा तर कोणत्या बाजूला, याचा निर्देश तेथे दगडातच आहे.

दोन नोव्हेंबरला आम्ही कबरस्तानात मृतांची नावे वाचतो. यंदा शेवटचे नाव वाचून झाल्यावर मी काही क्षण थांबलो. लोकांना वाटले, फादर पान उलटत आहेत.