जॅक लावायचा कुठे?

ट्रॅव्हल ट्रेलरच्या ॲक्सलवर अनेकदा एक छोटे स्टिकर चिकटवलेले असते: इथे जॅक लावू नका. मग लावायचा कुठे? ते त्या स्टिकरवर नसते आणि बहुतेक ट्रेलरांच्या चॅसिसवर तशी खूणही नसते. सोबत मिळालेल्या पुस्तिकांच्या गठ्ठ्यात फ्रिज, गिझर, ऑनिंग यांची पानेच्या पाने असतात. मागे स्टेपनी टांगलेली असते, जॅक मात्र बहुधा दिलेलाच नसतो. अमेरिकेत साधी छोटी मोटार घेतली तरी जॅकच्या चार जागा पुस्तिकेत चित्रासह दाखवतात. तीन टनांचे घर मागे जोडून नेणाऱ्या कुटुंबाला मात्र ती जागा स्वतः शोधावी लागते, हे मला अजिबात पटत नाही. आणि चाक उचलायची पाळी फक्त पंक्चर झाल्यावर येते असेही नाही. डेक्स्टर ही ॲक्सल बनवणारी मोठी कंपनी बेअरिंगची देखभाल 12 महिन्यांनी किंवा 12,000 मैलांनी करायला सांगते. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक हब उतरवायचा, जुने ग्रीस काढायचे, ब्रेकचे शू आणि मॅग्नेट तपासायचे. हे काम घरच्या अंगणात करणारी मराठी मंडळीही तिकडे आता आहेत.

ॲक्सलला जॅक लावू नका, ही सूचना मुळात बरोबर आहे. ती कशासाठी आहे ते कोणी समजावत नाही, ही खरी अडचण. हा ॲक्सल म्हणजे भरीव दांडा नव्हे, पोलादी नळी असते. रस्त्यावर चाके या नळीची टोके वर रेटतात आणि टोकांपासून थोडे आत बसलेले पाटे तिला खाली दाबतात. त्यामुळे नळीचा मधला भाग खाली झुकू पाहतो. हे गृहीत धरून कारखान्यातच तिला मध्ये किंचित वरचा बाक देतात. भार आला की ती जवळपास सरळ होते. जॅक मधोमध लावला की हे सगळे उलटे होते. 7,000 पौंडांचा, म्हणजे सुमारे 3,175 किलोचा दोन ॲक्सलांचा ट्रेलर घ्या. त्यातला 10 ते 15 टक्के भार पुढच्या हिचवर जातो, उरलेला दोन ॲक्सलांवर. एकेका ॲक्सलच्या वाट्याला 3,000 पौंड, म्हणजे सव्वा टनाहून जास्त वजन येते. हे सगळे वजन रुपयाच्या नाण्याहून फार मोठे नसलेल्या जॅकच्या डोक्यावर, तेही गोल नळीच्या एका ठिपक्यावर टेकते. दोन्ही बाजूंचे पाटे खाली दाबतात, मध्ये जॅक वर ढकलतो. नळी चेपते, नाहीतर तिचा बाक कायमचा वाढतो. त्या दिवशी काहीच दिसत नाही. पुढे हजारभर मैलांनंतर टायर एकाच कडेने झिजू लागतो, आणि मग दोष टायरच्या माथी मारला जातो.

टायरवाले रोज ॲक्सलखालीच जॅक लावतात आणि काही होत नाही, असे लोक म्हणतात. हे निव्वळ अज्ञान म्हणून उडवून लावता येणार नाही. जाणता टायरवाला जॅक मधोमध लावत नाही. तो पाट्याखाली, यू-बोल्टच्या पट्टीला लावतो. चालत्या ट्रेलरचा भार तिथूनच ॲक्सलवर उतरतो, त्यामुळे ती जागा मधल्या नळीपेक्षा कितीतरी बरी, हे मान्य करायलाच हवे. शिवाय चॅसिस उचलली की पाटे सैल होऊन चाक खाली लोंबत राहते आणि ते जमिनीपासून सुटायला जॅक आणखी काही इंच चढवावा लागतो. हा त्रास तिथे वाचतो. तरीही डेक्स्टरची सूचना ॲक्सल आणि सस्पेन्शन या दोन्हींच्या कोणत्याही भागावर ट्रेलर उचलू किंवा टेकवू नये, अशीच आहे. पट्टीवर जॅकचे डोके घसरायला वाव असतो आणि नळीच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचे अंतर नवख्या माणसाला अंधारात, पावसात कळेलच असे नाही. सर्वांसाठीचा नियम कडक असावा तो याचसाठी.

राहतात दोन पळवाटा. चार कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक हे उचलण्याचे साधन नव्हेच. आत चालताना ट्रेलर डुलू नये एवढेच त्यांचे काम. त्यांनी चाक उचलायला गेलात तर तो जॅक वाकतो, नाहीतर चॅसिसला पीळ पडतो. दोन ॲक्सलांच्या ट्रेलरचे शेजारचे चांगले चाक जाड फळ्यांवर चढवून पंक्चरचे चाक मोकळे करणे मात्र ठीक आहे, ट्रेलर गाडीला जोडलेला असेल तर. पण तेवढा वेळ त्या एका टायरवर दोघांचा भार असतो, म्हणून हबच्या लांबलचक कामाला ही युक्ती नको.

बरोबर जागा म्हणजे चॅसिसचा मुख्य आय-बीम, पाटे ज्या हँगरला अडकतात त्याच्या अगदी पुढे किंवा मागे. जॅकचे डोके बीमच्या उभ्या पत्र्याच्या बरोबर खाली यावे. पातळ कडेवर लावले तर ती कड डोळ्यांदेखत वळते. मध्ये टणक लाकडाचा तुकडा, जॅकखाली जाड प्लाय, कारण ॲरिझोनाच्या उन्हात डांबरही मऊ पडते. काही ट्रेलरांना खालून प्लास्टिकचे आवरण असते, तिथे बीम चाचपून शोधावा लागतो. अशा जागेवर खूण करणे अवघड नाही. एअरस्ट्रीम आपल्या ट्रेलरांना चाकांमागे जॅकसाठी पट्टी देते. अमेरिकेतल्या ट्रेलर-उद्योगाचे केंद्र असलेल्या एल्कहार्टच्या कारखान्यांनाही ते जमायला हरकत नाही.

नळी वाकली तर पैसे जातात. ट्रेलर घसरला तर माणूस जातो. ट्रेलरला हँडब्रेक नसतो. त्याचे ब्रेक विजेवर चालतात आणि ब्रेकअवे स्विच बॅटरी संपेपर्यंतच धरतो. म्हणून ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा. जॅकचे तेल कधी गळेल ते सांगता येत नाही. तो फक्त उचलण्यासाठी. भार पेलायला बीमखाली योग्य क्षमतेची जॅकस्टँड, आपल्याकडची घोडी, हवी. पोकळ सिमेंट ब्लॉक कधीही नकोत, ते न सांगता फुटतात. चाक बसवल्यावर नट टॉर्क रेंचने आवळा आणि 10, 25 व 50 मैलांवर पुन्हा तपासा. घोडी जवळ नसेल तर रस्त्याकडेच्या मदतीला फोन करा आणि ती येईपर्यंत चाकाला हात लावू नका.