कोपनहेगनचे अठ्ठेचाळीस तास

सन २००९ च्या जानेवारीअखेर कोपनहेगन येथें आठ दिवस राहण्याचा योग आला, तो माझ्या भाच्यामुळें. तो तेथील माहिती-तंत्रज्ञान विद्यापीठांत संगणकावरील खेळांची रचना शिकत होता. ताईची आज्ञा एवढीच होती कीं, मुलगा वेळेवर जेवतो कीं नाहीं हें पाहून ये. मुलगा राईची काळी पावरोटी आणि चीज मजेंत खात होता, आणि तसें मीं पहिल्याच दिवशीं कळवून टाकलें. माझा स्वतःचा हेतु निराळा होता व तो ताईस सांगण्यासारखा नव्हता. मला एक हौशी संच हवा होता.

नाटक लिहून तयार असावें आणि गांवांत नाटकमंडळीच नसावी, तशी संगणकावरील खेळ लिहूं पाहणाराची गत असते. चित्रकारास आपलें चित्र दाखवितां येतें. प्रोग्रॅमर चार ओळी लिहून यंत्राकडून काम करवून दाखवितो. लिहिणाराजवळ दाखवावयास काय असतें? 'एक कल्पना आहे' असें तो म्हणतो, आणि कल्पना तर दारावरच्या पोस्टमनजवळही असते! त्यापूर्वीं तीन वर्षें मी दूरदूरच्या गांवीं राहणाऱ्या अशाच एका हौशी संचांत पत्रव्यवहारानें शिरलों होतों. दीड वर्ष खपून मीं नव्वद पानें लिहिलीं. राजघराण्याच्या चार पिढ्या आणि एकवीस पात्रें त्यांत होतीं. मग प्रोग्रॅमरला नोकरी लागली, चित्रकाराचें लग्न ठरलें, आणि त्या राजवाड्याचें एक दारही पडद्यावर कधीं उघडलें नाहीं. त्या दोघांस मीं मनांतल्या मनांत पुष्कळ दिवस दोष दिला.

कोपनहेगन या नांवाचा अर्थ 'व्यापाऱ्यांचें बंदर'. जानेवारींत तेथें दुपारीं साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मग सारें शहर खिडक्यांच्या उजेडावर जगतें. भुयारी रेल्वेस हांकणारा नाहीं. सर्वांत पुढच्या बाकावर बसलें कीं, समोरच्या कांचेंतून बोगदा आपणाकडे धांवत येतो. हा आनंद मीं वयास न शोभेल इतक्या वेळां घेतला. ही गाडी आपणास आमागर बेटावर आणून सोडते. तेथें कालव्याच्या कांठीं विद्यापीठाची कांचेची इमारत आहे. हेनिंग लार्सन या डेनिश वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीनें ती रचली व २००४ मध्यें ती उघडली. आंत पांच मजले उंचीचा मोकळा चौक आहे, आणि दोन्ही बाजूंनीं कांचेच्या खोल्या त्यांत अशा पुढें आल्या आहेत कीं, कोणीं तरी मोठ्या कपाटाचे खण अर्धवट ओढून ठेवले आहेत असा भास व्हावा. कोणत्या खणांत कोण काय करतो, हें खालून सगळ्यांस दिसतें. आपल्या वाड्यांतहि तेंच होतें म्हणा. कांच तेवढी नसते.

पहिल्या रात्रीं जेवणानंतर भाच्यानें षट्कोनी चौकटी छापलेल्या कागदाचें एक पुडकें काढलें. दोघांनीं आळीपाळीनें एकेक घर भरावयाचें, आणि आपल्या समोरासमोरच्या दोन कडा अखंड सांखळीनें जोडावयाच्या, एवढाच नियम. या खेळांत बरोबरी कधींच सुटत नाहीं. पीट हाइन नांवाच्या डेनिश गृहस्थानें तो शोधून काढला, आणि १९४२ च्या डिसेंबरांत, शहर जर्मन सैन्याच्या ताब्यांत असतांना, 'पोलिटिकेन' या दैनिकांत तो प्रथम छापला. पुढें कांहीं वर्षांनीं जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञानें तोच खेळ स्वतंत्रपणें शोधला. आज त्यास हेक्स म्हणतात. मला त्यांतली एक गोष्ट फार लागली. पीट हाइन हा कवि होता. त्याच दैनिकांत त्याच्या चिमुकल्या कविता येत. कवीनें खेळ केला तो कागद व पेन्सिल एवढ्यांवर! मी मात्र दीड वर्ष प्रोग्रॅमरची वाट पाहत बसलों होतों.

शुक्रवारीं सायंकाळीं त्या कांचेच्या चौकांत 'नॉर्डिक गेम जॅम' भरला. जॅम म्हणजे येथें मुरांबा नव्हे. वादकांनीं पूर्वतयारीवांचून एकत्र बसून वाजवावें, त्यास तिकडे हा शब्द आहे. अनोळखी माणसांनीं जमावें, संच बांधावे आणि अठ्ठेचाळीस तासांत एक खेळ उभा करावा, अशी ही रीत. कोपनहेगनमध्यें ती २००६ पासून चालू होती. त्या वर्षीं तिच्याच धर्तीवर 'ग्लोबल गेम जॅम' प्रथमच भरला, आणि २३ देशांतील ५३ ठिकाणीं एकाच शनिवार-रविवारीं लोक जागले. विषय सर्वांस एकच होता. त्याचा मराठी आशय असा : आपण एकमेकांस आहोंत, तोंवर अडचणींची वाण पडणार नाहीं. शिवाय खेळ पांच मिनिटांत संपला पाहिजे, अशी अट.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास याहून सोपा विषय कोणता मिळणार? मी तत्काळ उभा राहिलों आणि दोन भावांच्या वांटणीची करुण कथा सांगूं लागलों. प्रत्येकास एक मिनिट होतें. माझें मिनिट संपलें तेव्हां थोरला भाऊ नुकताच जन्मास आला होता. लोक हंसले, टाळ्याहि वाजल्या, पण माझ्याकडे कोणी आलें नाहीं. भाच्याजवळ गेलों, तर तो म्हणाला, "मामा, रागावूं नका, आमच्याकडे आधींच दोन लेखक आहेत." अर्ध्या तासांत चौकांत टेबलाटेबलांभोंवतीं घोळके जमले, आणि मी कोणाचाच नसलेला असा उपाहारगृहाच्या कोपऱ्यांत साखरेचे खडे मोजीत बसलों.

ते खडेच कामास आले. कागदावर चौकटी आंखून मीं आमचा सदाशिव पेठेंतील वाडा काढला : एक नळ, एक अरुंद बोळ, चार बिऱ्हाडें. नळास पाणी पांच मिनिटें. खडा म्हणजे घागर, आणि ती दोघांवांचून उचलत नाहीं. बोळांत समोरून कोणी आलें कीं एका जोडीनें मागें सरावें. दोन्ही जोड्या अडून राहिल्या तर सगळ्यांचें पाणी सांडलें. शेजारच्या टेबलावर एक स्वीडिश मुलगी चित्रें काढीत होती. तिला म्हटलें, "दोन मिनिटें खेळून पाहाल?" ती खेळली, हरली, आणि आपल्या टेबलावरच्या उंच, अबोल डेनिश प्रोग्रॅमरला बोलावून आणती झाली. तिसरा एक मुलगा आवाज-संगीत करणारा होता. चौथ्या डावास ते तिघे एकमेकांवर ओरडत होते. प्रोग्रॅमरनें एवढेंच विचारलें, "पाणी पांचच मिनिटें कां येतें?" मीं पुण्याचा पाणीपुरवठा समजावून दिला. तो गंभीरपणें म्हणाला, "नियम उत्तम आहे. तुम्हांला सुचला कसा?"

अशा रीतीनें मी संचांत आलों. तरी लेखकाची खोड जात नाहीं. शनिवारीं दिवसभर ते काम करीत असतां मीं चारी बिऱ्हाडांचीं चरित्रें लिहिलीं; त्यांत वाड्यांतील म्हाताऱ्या आजीचीं तीन पानें माझ्या मतें उत्कृष्ट उतरलीं होतीं. रात्रीं अकराच्या सुमारास प्रोग्रॅमरनें तीं वाचलीं आणि म्हणाला, "पांच मिनिटांत हें केव्हां वाचणार?" उत्तर नव्हतें. मी कोट चढवून कालव्याच्या कांठीं फिरून आलों. थंडीपेक्षां अपमान अधिक झोंबत होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. नव्वद पानांचीहि आठवण झाली. तीं पानें त्या दोघांनीं कोणत्या पांच मिनिटांत वाचावयाचीं होतीं?

परत येतों तों त्या मुलीनें आजी काढलेली. नऊवारी लुगडें तिला मीं बोटानें खुणा करून सांगितलें होतें, तें चांगलें साधलें होतें. ती म्हणाली, "ही खेळांत करते काय?"

"बोळांत बसते," मी म्हणालों. "जप पुरा झाल्यावांचून उठत नाहीं. पण कोणीं आधीं तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलें, तर बाजूस सरते."

प्रोग्रॅमर खुर्चींत सरळ झाला. "हें मला समजलें," तो म्हणाला, आणि पहाटे तीनपर्यंत आजी बोळांत बसली. माझ्या तीन पानांतून पडद्यावर चार शब्द राहिले : आजीला आधीं पाणी द्या.

रविवारीं सकाळीं निराळेंच संकट उभें राहिलें. चौघे एकाच कीबोर्डावर खेळूं लागले कीं कांहीं कळा मुक्या होत. साध्या कीबोर्डांत कळांच्या तारा आडव्या-उभ्या जाळींत जोडलेल्या असतात. पुष्कळ कळा एकदम दाबल्या कीं यंत्रास कोणती खरी तें उमगत नाहीं. शेवटीं कोणाचा तरी दुसरा कीबोर्ड मागून आणला आणि दोन-दोन खेळाडूंस वांटून दिला. वांटणीची गोष्ट मीं सांगितलीच होती! दुपारीं खेळ सर्वांपुढें मांडला. पारितोषिक मिळालें नाहीं. दोन अनोळखी तरुण मात्र आजीला पाणी कोणीं न्यावें यावरून इतके भांडले कीं, भोंवतालचे लोक हातचें सोडून पाहावयास आले.

सायंकाळीं सर्वजण पांगले. पत्ते घेतले होते, पण पत्ते काय, आगगाडींतहि घेतात. मीं फारशी आशा धरली नव्हती. एप्रिलांत त्या मुलीचें पत्र आलें : उन्हाळ्याच्या सुट्टींत ती व प्रोग्रॅमर मिळून खेळ वाढविणार आहेत, नियमांचा कागद माझ्याजवळ आहे काय, आणि आजीचीं तीं तीन पानें पाठवावीं, चित्रें काढतांना लागतील.

पानें त्याच दिवशीं पाठविलीं. नव्वद मात्र कपाटांतच राहूं दिलीं.