येते हं

घरातून बाहेर पडताना आपण 'जाते' म्हणत नाही. लहानपणी एकदा शाळेला निघताना माझ्या तोंडून 'आई, जाते गं' असं निघून गेलं, तर पोळ्या लाटता लाटता ती तशीच उठली, कणकेच्या हाताने मला उंबरठ्यावरून परत आत ओढलं, देवापुढे उभं केलं आणि 'येते' असं दोनदा म्हणवून घेऊन मगच सोडलं. तेव्हापासून जिभेला तेच वळण आहे. पुढे चौदा वर्षं हा शब्द मी ज्या जिवाला रोज, सकाळ-दुपार, न चुकता म्हणत आले, ती माझी सुंठ 2024 च्या श्रावणात गेली. तिच्यासाठी हे 'गेली' लिहिताना अजून हात अडखळतो, कारण आमच्या दोघींत जाण्याचा शब्दच कधी वापरलेला नव्हता.

ती आली 2010 च्या आषाढात. साताऱ्यातला आषाढ तुम्ही पाहिला असेल तर सांगायला नको. अजिंक्यतारा दिवसेंदिवस ढगातून बाहेर येत नाही, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि सगळ्या घराला ओल्या लाकडाचा, धुपाचा आणि आल्याच्या चहाचा मिळून एकच वास असतो. अशा एका संध्याकाळी पोवई नाक्यावर कणीस घ्यायला थांबले, तर भाजणाऱ्या मावशींच्या हातगाडीखाली, शेगडीच्या उबेला, सोललेल्या कणसांच्या पानांच्या ढिगात काहीतरी हललं. दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, अंगभर गोचिडी, एका कानाला चिघळलेली जखम, आणि पोट असं आत गेलेलं की दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींना चिकटल्यासारखी वाटावी. 'ने गं बाई, रात्री कुठल्यातरी चाकाखाली जाईल,' एवढंच मावशी म्हणाल्या आणि माझ्या कणसाला लिंबू चोळू लागल्या. मी एका हातात कणीस आणि दुसऱ्या हातात ओढणीत गुंडाळलेलं ते पिल्लू घेऊन घरी आले. रंग सुंठीसारखा, अंगही तसंच सुकून सुरकुतलेलं, म्हणून तिचं नाव सुंठ.

तुम्ही कधी झोपलेल्या कुत्र्याच्या पंजाला नाक लावून पाहिलंय? तिच्या पंजांना भाजलेल्या कणसाचा वास यायचा. अगदी तोच, निखाऱ्यावर दाणे काळे पडताना येतो तो, खरपूस आणि किंचित आंबूस. मला कितीतरी वर्षं वाटायचं की त्या हातगाडीखालचा वास तिच्या अंगात मुरलाय, ज्या उबेने तिला जगवलं तिची खूण तिने जपून ठेवलीय. मग एकदा डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की कुत्र्यांच्या पंजांना घाम येतो, बोटांमधल्या ओलसर जागी जीवाणू वाढतात आणि हा वास त्यांचा. बहुतेक सगळ्याच कुत्र्यांचा असा असतो. मला ते पटलं, आणि घरी आल्यावर तिच्या पंजात नाक खुपसून पुन्हा पोवई नाक्यावर जाऊन आले.

आईने सुरुवातीला तिला चपलांची हद्द घालून दिली होती. चपला ठेवायच्या कोनाड्याच्या अलीकडे यायचं नाही. सुंठ गोणपाटावर बसून ती हद्द इमानाने पाळायची, फक्त नाक तेवढं हद्दीच्या आत ठेवायची. मग दिवाळी आली, गल्लीत फटाक्यांची माळ लागली, आणि ती वेड्यासारखी धावत सरळ देवघरात, जप करत बसलेल्या आईच्या पाटामागे जाऊन शिरली. मी धास्तावून बघत राहिले. आईने माळ थांबवली नाही, डोळेही उघडले नाहीत, फक्त मोकळ्या हाताने पदर मागे नेला आणि त्या थरथरणाऱ्या पाठीवर पांघरला. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या उंड्याची चानकी होऊ लागली. तव्यावर फुगलेली, तळहाताएवढी, तुपाचं बोट फिरवलेली. 'कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते,' आई म्हणायची, 'आपल्याला तर बसल्या जागी पुण्य आहे. घे बये.' ते 'बये' इतक्या मायेने यायचं की मला माझं बाळपण आठवायचं.

संध्याकाळी आम्ही चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत चढून जायचो. खाली शहराचे दिवे लागत असत, गवताला पावसाचा वास असे, आणि सुंठ वाऱ्याकडे तोंड करून नाकपुड्या हलवत बसे. सुट्टीच्या दिवशी मात्र स्कूटर. माझ्या पायांपाशी, पुढचे दोन पंजे हँडलखाली टेकून, ती ताठ उभी राहायची, कान मागे उडवत. दायमाबादच्या रथाचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. प्रवरेच्या काठी, 1974 साली, एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या, त्यांतला तो रथ: दोन बैल, हाकणारा माणूस, आणि बैल व माणूस यांच्या मधे, रथाच्या दांडीवर उभा असलेला कुत्रा. पहिल्यांदा ते चित्र पाहिलं तेव्हा माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. हजारो वर्षांपूर्वी आपल्याच मातीतल्या कुणा कारागिराला वाटलं होतं, की माणूस प्रवासाला निघालाय म्हणजे कुत्रा पुढे उभा असणारच, तो वगळून रथ पुरा होत नाही.

आणि रोज सकाळी ते. पर्स खांद्याला, किल्ली हातात, आणि शहाबादी फरशीवर तिच्या नखांची टिक-टिक माझ्यामागे दारापर्यंत. मी वाकून तिच्या दोन भुवयांमधल्या मऊ खळगीवर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, 'येते हं.' ती एक सुस्कारा टाकून गोणपाटावर अंग सोडायची. त्या शब्दाचा अर्थ तिला कुणी शिकवला नव्हता, पण मी रोज परत येऊन तो खरा करत गेले, म्हणून तिचा त्यावर विश्वास बसला असणार.

तेराव्या वर्षी तिला ऐकू येईनासं झालं. डोळ्यांतल्या भिंगावर वयाची निळसर झाक उतरली, पहाटेच्या धुक्यासारखी. तरी मी गल्लीच्या तोंडाशी आले की ती उठून बसते, असं आई सांगायची. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी 10 कोटींच्याही वर असतात म्हणे. कान मिटले, डोळे मंदावले, तरी माझं येणं तिला वाऱ्यावर वाचता येत होतं. मग मूत्रपिंडं थकली. जे क्रिएटिनिन दीडच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवं ते सहाच्या पुढे गेलं. खिडकीच्या गजाला सलाइनची बाटली टांगून, तिच्या खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई घालायला मी शिकले. कातडीखाली पाण्याचा फुगा यायचा आणि रात्रभरात जिरायचा. दोन महिने असे गेले. मग तिने चानकी हुंगून तोंड फिरवलं. आईने तेच ताट हातात धरून बराच वेळ उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, 'डॉक्टरांना बोलाव. तिला अजून ताटकळत ठेवू नकोस.'

डॉक्टर संध्याकाळी घरी येणार होते. दुपारभर पाऊस भुरभुरत होता. मी गोणपाटावर तिच्याशेजारी आडवी झाले होते, तिचा पंजा माझ्या नाकाशी. आई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली, गुडघे धरत खाली बसली आणि बोटावर दही घेऊन तिच्या ओठांना लावलं. परीक्षेला जाताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सासरी निघताना, याच बोटांनी माझ्या तळहातावर दही ठेवलं होतं. सुंठीने जीभ बाहेर काढली आणि ओठावरचं दही चाटलं. दोन दिवसांत तिने खाल्लेलं ते पहिलं काहीतरी.

पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. तिचं डोकं माझ्या मांडीवर जड होत गेलं. मी तिच्या बहिऱ्या कानाशी तोंड नेलं आणि सवयीने ओठांवर तेच आलं, 'येते हं'. पण निघालेली ती होती, मागे राहणारी मी. चौदा वर्षांत पहिल्यांदाच आमच्या जागा बदलल्या होत्या आणि माझ्याकडे त्या बाजूचा शब्दच नव्हता. तो आईकडे होता. सुंठीच्या कपाळावर हात ठेवून, लेकीला गाडीत बसवून देताना म्हणावं तशी ती म्हणाली, 'ये गं बये.' मग डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन दिलं.

परसात प्राजक्ताखाली खड्डा घेतला. खाली खडेमीठ, वर गोणपाट, त्यावर ती. माती ओली होती, लवकर बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मातीवर फुलांचा सडा पडला होता, आणि आईने त्यांतलं एकही फूल देवासाठी वेचलं नाही.

आता फरशी मुकी आहे. नाक्यावर कणसांची गाडी दिसली की मी थांबते, घेते, खात मात्र नाही. नुसतं हातात धरून घरी आणते. सकाळी निघताना चपला पायांत सरकवताना कोनाड्याकडे बघून अजूनही तोंडातून तेच निघतं, 'येते हं.' तिथे कुणी नसतं. पण इतकी वर्षं त्या वेळी गप्प असणारी आई आता आतून, पोळपाटावरून मान वर करून म्हणते, 'ये हं.'