चार नंबरचा आयर्न

मागच्या शनिवारी खेळून आल्यावर मी माझा चार नंबरचा आयर्न बॅगेतून काढला आणि गराजमध्ये ठेवून दिला. सौ. म्हणाली, "चला, एक काठी तरी कमी झाली!" तिच्या जागी दुसरी महिन्यापूर्वीच आली आहे, हे मी काही बोललो नाही.

गोल्फ न खेळणाऱ्या नातेवाईकांसाठी थोडक्यात सांगतो. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. त्यातले तीन-चार नंबरचे आयर्न लांब पल्ल्याचे. दांडा लांब, डोकं पातळ. चेंडू बरोब्बर मधोमध लागला तर असा सुटतो की विचारू नका! नाही लागला तर हाताला झिणझिण्या येतात आणि चेंडू गवतातून सरपटत जातो. माझ्यासारख्या शनिवारच्या खेळाडूला मधोमध लागतो दहातून दोनदा. पण त्या दोन फटक्यांवर माणूस वर्षभर जगतो, हीच तर गोम आहे.

हायब्रिड म्हणजे वुड आणि आयर्न यांचा संकर. डोकं मागे फुगीर, तळ रुंद, वजन खाली आणि मागे. त्यामुळे थोडं चुकलं तरी चेंडू हवेत उठतो, आणि उंच गवतातूनही निघतो. मी त्याला 'म्हातारपणाची काठी' म्हणायचो.

आमचे चिरंजीव दहा वर्षांचे होते तेव्हापासून आम्ही दोघं शनिवारी सकाळी इथल्या, न्यू जर्सीतल्या, काउंटीच्या कोर्सवर जातो. सातव्या होलला दुसरा फटका साधारण १७० यार्डांचा, डावीकडे तळं. मेच्या शेवटी तिथे मी आयर्नने एक चेंडू पाण्यात घातला. हट्टाने दुसरा मारला, तोही पाण्यात. पुढची दोन होल मी एक अक्षर बोललो नाही. मग तो हळूच म्हणाला, "बाबा, तू हा क्लब नक्की कोणासाठी मारतोस?"

उत्तर नव्हतं. घरी येताना गाडीत हिशोब केला. ऑगस्टमध्ये तो कॉलेजला जाणार. शनिवार उरले होते अकरा. आणि ते मी तळ्याकाठी फुरंगटून घालवणार होतो!

दुसऱ्याच दिवशी २२ अंशांचा एक सेकंडहँड हायब्रिड घेतला. पहिल्या आठवड्यात तोही जमेना. मी तो वुडसारखा झाडू मारल्यागत फिरवत होतो. "आयर्नसारखाच मार, वरून खाली. चेंडू मध्यापासून जरासा पुढे ठेव," चिरंजीवांनी शिकवलं. ज्याला मी बॅट धरायला शिकवली तो मला शिकवतोय, हे पचायला अजून एक आठवडा गेला. वर त्याने ऐकवलं, की २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने टायगर वुड्सला हरवलं, तेव्हा शेवटच्या होलवरचा त्याचा ग्रीनवरचा फटका हायब्रिडचाच होता. म्हातारपणाची काठी!

तर मागच्या शनिवारी सातव्या होलला बॅगेत दोन्ही होते. हात सवयीने आयर्नकडे गेला, मग थांबला. हायब्रिडने मारलं. फार देखणा फटका नव्हता, पण चेंडू तळं चुकवून ग्रीनच्या उजव्या कडेला जाऊन बसला. तिथून मी तीन पट घेतले, ते सोडा. एकूण स्कोअर १०१, म्हणजे क्रांती वगैरे काही झालेली नाही.

पण चेंडू शोधायला गवतात जावं लागलं नाही. ग्रीनपर्यंत आम्ही दोघं बरोबर चालत गेलो. हॉस्टेलच्या खोलीत कुकर चालेल का, वरणाला डाळ किती वेळ भिजवायची, असं काहीबाही तो विचारत होता. आधीच्या कित्येक शनिवारी तो असं काही विचारत असेल आणि मी ऐकलंच नसेल.

आयर्न टाकून दिलेला नाही हं, गराजमध्येच आहे. असो. अजून सहा शनिवार आहेत.