निळूभाऊ आणि आमचे अण्णा

परवा रात्री टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता एका ठिकाणी हात थांबला. निळू फुले! पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, अर्धवट मिटलेले डोळे आणि घशात काहीतरी अडकल्यासारखा तो आवाज. शेजारी मुलगी बसली होती. तिला निळूभाऊ ठाऊक आहेत ते मोबाईलवर फिरणाऱ्या विनोदांमुळे. बायकांना वाड्यावर बोलावणारा पाटील, एवढीच तिची ओळख. ती हसली. मला मात्र हसू आलं नाही, आणि का आलं नाही ते तिला नीट सांगताही येईना. म्हणून आज इथे लिहायला बसलोय.

आमचं गाव न्हावरे. कागदोपत्री न्हावरे, बोलताना न्हावरा. शिरूरहून चौफुल्याला जाताना लागतं. पुढे गावात घोडगंगा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि न्हावऱ्याचं नाव लोकांना माहीत झालं. पण मी सांगतोय ते त्याआधीचं, १९८५-८६ च्या सुमाराचं. आमच्या वस्तीवर पहिला टीव्ही आमच्याच घरी आला. ब्लॅक अँड व्हाईट, लाकडी शटरचा. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा असला की ओटीवर पाय ठेवायला जागा नसायची. बाया एका बाजूला, पोरं अगदी टीव्हीच्या पुढ्यात, आणि सगळ्यांच्या मागे कॉटवर तक्क्याला टेकून आमचे आजोबा. त्यांना अख्खं गाव अण्णा म्हणायचं. घरात आम्हीही अण्णाच म्हणायचो.

सिनेमात निळूभाऊ आले की आजी सुरू व्हायची. "आला बघा मुडदा! तुझ्या जिभंला किडं पडतील रं! वाटोळं व्हईल तुझं!" एरवी आजी अगदी गरीब गाय. तिचा आवाज माजघराच्या बाहेर कधी आला नाही. पण निळूभाऊ दिसले की तिला काय व्हायचं कोण जाणे! आम्ही पोरं तिच्या शिव्या ऐकायलाच सिनेमा बघायचो म्हटलं तरी चालेल. मागे कॉटवर अण्णा गालात हसायचे आणि म्हणायचे, "अगं, नाटक हाय ते."

असं एकट्या आमच्याच घरी होत होतं असं नाही. निळूभाऊंना गावोगाव बायकांचे शिव्याशाप मिळाले हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. नटाला याहून मोठी पावती कुठली! पण खरा माणूस कसा होता? तर अगदी उलट टोकाचा. पुण्यात वाढलेला, राष्ट्र सेवा दलात घडलेला. ऐन तारुण्यात त्यांनी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, माळी म्हणून नोकरी केली. दिवसा बाग आणि संध्याकाळी सेवा दलाचं कलापथक. १९५७ च्या निवडणुकीच्या वेळी त्यांनी 'येरागबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पुलंच्या 'पुढारी पाहिजे'मध्ये रोंग्याचं काम केलं, आणि मग शंकर पाटलांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची'नं त्यांचं नाव खेड्यापाड्यांत पोचवलं. अनंत माने यांनी १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी' काढला. त्यातलं निळूभाऊंचं पात्र झेलेअण्णा. गंमत बघा, तिथेही अण्णाच!

तिथून पुढे त्यांच्यावर शिक्का बसला. पाटील, सरपंच, चेअरमन, सावकार. 'सोंगाड्या', 'पिंजरा' अशी रांगच लागली. पण याच माणसानं १९७२ साली रंगभूमीवर तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' उभा केला. त्या नाटकावरून केवढं रान उठलं, सेन्सॉर काय, कोर्ट काय! 'सिंहासन'मध्ये (१९७९) तर ते पत्रकार झाले. दिगू टिपणीस. सगळ्या पुढाऱ्यांचे सगळे खेळ ज्याला कळतात आणि शेवटी ते कळणंच ज्याला सोसत नाही, असा माणूस. महेश भट्टच्या 'सारांश'मध्ये (१९८४) पुन्हा पुढारी. आणि सिनेमात गरिबाच्या जमिनी लाटणारा हा माणूस प्रत्यक्षात डॉ. लागूंच्या बरोबरीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी राबत होता. रानावनात पूर्ण वेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरात चूल पेटावी म्हणून या मंडळींनी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून पैसे उभे केले.

हे सगळं मला फार नंतर कळलं. लहानपणी माझ्या दृष्टीनं निळू फुले म्हणजे वाईट माणूस आणि अण्णा म्हणजे चांगला माणूस. विषय संपला.

आता तात्याविषयी.

तात्या आमचा सालगडी. नाव वेगळं, पण आम्ही पोरं तात्या म्हणायचो. घोडनदीच्या पलीकडचा, श्रीगोंदे तालुक्यातला. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं हे गावाकडच्यांना सांगायला नको. उचल किती, धान्य किती, कापडचोपड काय, चपलांचा जोड, आणि उरलेली रक्कम साल भरल्यावर. तात्या आमच्याकडे चार सालं होता. बायको आणि दोन पोरांसह मळ्यातल्या खोपटात राहायचा. रात्रीची वीज आली की बॅटरी घेऊन उसाला पाणी धरायला तोच जायचा. मला पोहायला त्यानंच शिकवलं. कमरेला दोर बांधून विहिरीत सोडायचा आणि काठावरून ओरडायचा, "हात मार, हात मार!"

१९८६ च्या शिमग्यात विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. तांब्याची, चांगली लांबलचक. पाडवा तोंडावर आला होता. साल भरायला पंधरा दिवस राहिले होते.

अण्णा ओरडले नाहीत. हे मला आजही लख्ख आठवतं. त्यांनी तात्याला ओट्यावर बोलावलं, आजीला चहा करायला सांगितला. तात्या खाली पायरीवर बसला. अण्णा अगदी हळू, मायेनं बोलत होते. "चहा घे. पोरं बरी हायती का? हां. मी काय म्हणतो, झालं गेलं सोडून देऊ. पोलिसात जायचं म्हंजी तुझी पोरं उघडी पडायची. आपला हिशेब मिटला असं समज." तात्या एवढंच म्हणाला, "अण्णा, म्या न्हाय." अण्णा हसले. "मी कुठं म्हणलं तू म्हणून? चहा घे, गार व्हतोय."

दुसऱ्या दिवशी खोपट रिकामं होतं.

केबल कुणी नेली ते मला माहीत होतं. त्या पहाटे मी परसाकडे गेलो होतो तेव्हा माझे एक चुलतकाका सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून शिरूरच्या रस्त्याला लागताना मी पाहिले होते. पोत्याच्या तोंडातून काळं वेटोळं दिसत होतं. त्यांनीही मला पाहिलं. काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात जत्रेत तंबूचा सिनेमा आला होता, तिथे मात्र त्यांनी मला आपणहून नेलं. तिकीट काढलं, वर गरम भजी. सिनेमा निळूभाऊंचाच होता. मी पोट धरून हसलो, पाटलाची फजिती झाली तेव्हा शिट्टी मारली. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बारा वर्षांच्या पोराला कळत नाही असं कुणी म्हणू नये. मला सगळं कळत होतं.

काका आता नाहीत. अण्णा १९९४ साली गेले. घरातली बरीच मंडळी हे वाचतात ते मला माहीत आहे. कुणाला राग आला तर माझ्यावर काढावा, कारण गप्प राहिलेल्यांत मी होतोच.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ पुण्यात गेले. त्या आठवड्यात दादा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे हडपसरला आले होते. मी 'सामना'ची सीडी आणली. जब्बार पटेलांचा सिनेमा, लेखन तेंडुलकरांचं, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. मी तो पूर्वी अर्धामुर्धा पाहिला होता, दादांनी पाहिलाच नव्हता.

त्यात निळूभाऊ हिंदुराव धोंडे पाटील आहेत. साखर कारखाना, सोसायट्या, कोंबड्या, शाळा, सगळं त्यांचं. गावात एक दारुडा मास्तर येतो. ते डॉ. लागू. हिंदुराव त्याला हाकलत नाही. घरी नेतो, खाऊ घालतो, पाजतो, कौतुकानं आपलं सगळं राज्य फिरवून दाखवतो. आणि मास्तर मात्र नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल, मारुती कांबळेबद्दल, विचारत राहतो. पुन्हा पुन्हा. बस, एवढाच सिनेमा आहे म्हटलं तरी चालेल. एकजण पाहुणचार करतोय आणि दुसरा तो पाहुणचार घेता घेता तोच एक प्रश्न विचारतोय.

हिंदुराव मास्तरला आग्रहानं वाढतो, हळू आवाजात बोलतो, हसतो... आणि दादा एकदम म्हणाले, "अण्णा अस्संच बोलायचे."

मी सिनेमा थांबवला. आम्ही दोघं बराच वेळ गप्प बसलो.

मग दादांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. अण्णांच्या पेटीत हिशेबाची वही होती. त्यात तात्याच्या नावावर साडेचारशे रुपये देणे लिहिलेलं होतं. खोडलेलं नव्हतं. म्हणजे अण्णांना ठाऊक होतं! केबल कुणी नेली तेही त्यांना महिन्याभरात कळलं होतं. पण भावकीतल्या पोराची अब्रू आणि गड्याचे पैसे, यात त्यांनी काय निवडायचं ते निवडलं. अण्णांचं दिवसपाणी झाल्यावर दादा तात्याच्या गावाला जाऊन आले होते. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, ऊस तोडायला गेलेत, कुठल्या कारखान्यावर ते माहीत नाही. दादा परत आले. पुन्हा गेले नाहीत. "का नाही गेलात?" मी विचारलं. "सापडला असता तर काय बोलणार होतो?" दादा म्हणाले.

मला तेव्हापासून एक वाटत आलंय. इतर सिनेमांतले खलनायक गडगडाट करतात, टेबलावर हात आपटतात. निळूभाऊंचे पाटील तसे नाहीत. ते हळू बोलतात. विचारपूस करतात. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला ओरडायची गरजच नसते, हे निळूभाऊंना पक्कं ठाऊक असावं. कुठून ठाऊक असेल? मला वाटतं, त्यांनी साहेब लोक खालून पाहिले होते. हातात खुरपं घेऊन वाफ्यात बसलेल्या माळ्याला साहेबाचा चेहरा जसा दिसतो तसा खुर्चीतल्या माणसाला कधी दिसत नाही. ओट्यावर बसून मला अण्णा दिसले. पायरीवर बसून तात्याला जे अण्णा दिसले, ते निळूभाऊंनी पडद्यावर आणले.

अण्णा वाईट होते का? मला नाही सांगता येत. दुष्काळात त्यांनी वस्तीवरच्या सगळ्यांना आपल्या विहिरीचं पाणी दिलं. माझ्या शाळेची फी भरली, मला सायकल घेऊन दिली. त्यांच्या आठवणीनं आजही गलबलून येतं. हिंदुरावही काही नुसता राक्षस नाही. त्याचं साम्राज्य ढासळतं तेव्हा आपल्यालाच कसंनुसं होतं. ही निळूभाऊंची करामत. शिव्या देऊन मोकळं व्हावं अशी सोय ते ठेवत नाहीत.

आणि आजी? आजीला मी कधी विचारलं नाही, ती अण्णांच्या आधीच गेली. पण तो चहा तिनं केला होता. दाराआड उभी राहून तिनं सगळं ऐकलं होतं. कधीमधी अण्णा 'मार्केटला जातो' म्हणून संध्याकाळी चौफुल्याच्या रस्त्याला लागायचे, तिथल्या थिएटरांत काय असतं हेही तिला ठाऊक होतं. तोंडातून ब्र काढला नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र तिला निळूभाऊ मिळायचे. पडद्याकडे बघून ती तोंडभरून शिव्या द्यायची, आणि मागे कॉटवर अण्णा हसायचे. "अगं, नाटक हाय ते."

निळूभाऊंनी तेवढ्या शिव्या खाल्ल्या, त्यातल्या काही तरी आमच्या घरच्या होत्या. त्यांचा पत्ता चुकला होता.

असो. मुलीला परवा यातलं अर्धंमुर्धं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तात्याचं पुढे काय झालं?" मला काही उत्तर देता आलं नाही.

दादा आता ऐंशीला टेकलेत. काल फोनवर त्यांना म्हटलं, पाडव्याला गाडी काढतो, तात्याच्या गावाला जाऊ. तात्या असेल-नसेल, पोरं तरी असतील. दादा जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वही घेऊन ये. तुझ्या माळ्यावर, लोखंडी पेटीत हाय."

आज दुपारी माळ्यावर चढलो. वही सापडली.