तयार तुकड्यांची वही

ज्यांच्या घरीं श्रावणांत अद्याप सत्यनारायण होतो त्या वाचकांस संकल्प म्हणजे काय तें सांगणें नलगे. हातावर पाणी घेववून गुरुजी जें म्हणतात त्याचा सांगाडा कधीं बदलत नाहीं. बदलतें तें संवत्सराचें नांव, अयन, ऋतु, मास, पक्ष, तिथि, वार, आणि यजमानाचें गोत्र व नांव. पोथींत या जागीं ‘अमुक’ असा शब्द छापलेला असतो. कोणा नवशिक्या गुरुजींनीं ‘अमुकगोत्र’ असेंच म्हणून यजमानास खरोखरीच अमुक गोत्राचा करून सोडल्याची गोष्ट आमच्या लहानपणीं घरोघर सांगत असत. ती कोठें घडली हें सांगतांना प्रत्येक गांव शेजारच्या गांवाचें नांव घेई.

ही गोष्ट आठवण्यास कारण आमचा पुतण्या. आर्णीच्या आमच्या घरांत तीन बंधूंचे संसार एकत्र आहेत. त्यांतील धाकट्या बंधूंचा हा चिरंजीव पुण्याच्या एका कंपनीचें काम माडीवर बसून करतो. कोणी आपल्या मोबाइलवर एखादें पान मागितलें, कीं दूर कोठें तरी असलेला सर्व्हर नांवाचा संगणक तें त्या क्षणीं जुळवून पाठवितो. कसें जुळवावें याच्या आज्ञा हा लिहितो. त्या आज्ञांच्या अनेक भाषा आहेत. हा मुख्यतः पीएचपी वापरतो. ती रास्मुस लर्डॉर्फ नांवाच्या ग्रीनलंडांत जन्मलेल्या गृहस्थानें १९९५ सालीं लोकांपुढें ठेविली. पुतण्याजवळ एक वही आहे. कागदाची नव्हे, संगणकांतली. तारीख लिहिणें, रक्कम मांडणें, लांब मजकूर बेतानें कापणें, परवलीचा शब्द जपून ठेवणें, नोंदवहींतून नांव शोधणें, अशीं रोज लागणारीं कामें करणारे आज्ञांचे तयार तुकडे तींत साठविलेले आहेत. नवें काम आलें कीं तो वही उघडतो, तुकडा उचलतो व जागेवर बसवितो.

तें पाहून आमचे ज्येष्ठ बंधु म्हणाले, “अरे, ही तर नक्कल! एवढ्यासाठीं पगार देतात?” दादांनीं स्वतः तीस वर्षें अर्ज व दस्त लिहिले, आणि त्यांचे मायने त्यांनीं तरी कोठें दरवेळीं नवे केले होते, हें आम्ही त्यांस बोललों नाहीं.

नकलेची अशी निंदा आपल्या शास्त्रकारांस मान्य झाली नसती. जैमिनींच्या पूर्वमीमांसेचे बारा अध्याय. त्यांपैकीं चार, एका यागासाठीं सांगितलेला विधि दुसऱ्या यागांत कसा न्यावा, याच प्रश्नास वाहिलेले आहेत. सातव्या-आठव्यांत अतिदेश, नवव्यांत ऊह, दहाव्यांत बाध. दर्शपूर्णमास ही प्रकृति. तिचीं अंगें सविस्तर सांगितलीं. इतर इष्टि या विकृति. तेथें सारें पुन्हा न सांगतां ‘प्रकृतीप्रमाणें’ एवढ्यावर भागविलें. हा अतिदेश. परंतु अग्नीसाठीं सांगितलेला मंत्र सूर्याच्या चरूस म्हणावयाचा झाला, तर अग्नीचें नांव काढून सूर्याचें घालावें लागतें, हा ऊह. आणि जेथें साळीऐवजीं सोन्याच्या गुंजा, ज्यांस कृष्णल म्हणतात, शिजवावयाच्या असतात, तेथें कांडण्याचा विधि गळतो, कारण सोन्यास कोंडा नाहीं, हा बाध. शाळेंत संस्कृत शिकवितांना हें मुलांस सांगण्याचा प्रसंग आम्हांस कधीं आला नाहीं. तो माडीवर आला, आणि पुतण्यानें कधीं नव्हे तें कान देऊन ऐकलें.

त्याच्या वहींत ऊहाचीं उदाहरणें हवीं तितकीं सांपडलीं. परदेशांत रचलेला तुकडा रकमेंत तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम देतो: १,२३४,५६७. आपल्याकडे लाख व कोटि आहेत. उजवीकडचे पहिले तीन अंक सोडले कीं पुढें दोन-दोन: १२,३४,५६७. तारखेचेंही तसेंच. सर्व्हरचें घड्याळ पुष्कळदां जागतिक प्रमाणवेळेवर चालतें आणि आपण तिच्यापुढें साडेपांच तास. त्यामुळें येथें पहाटे चार वाजतां केलेल्या नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. पंचांगांत वार सूर्योदयास बदलतो. या यंत्रांत, ऊह न केल्यास, साडेपांच वाजतां. दोहोंत विशेष अंतर नाहीं हें पाहून आम्हांस मौज वाटली.

बाधाचें उदाहरण मात्र मौजेचें नव्हे. नांवाच्या रकान्यांत कोणी भलतें कांहीं लिहूं नये म्हणून एक जुना तुकडा सर्रास वापरतात. ए पासून झेड पर्यंतचीं रोमन अक्षरें ठेवावीं, बाकी सर्व काढून टाकावें, असें तो सांगतो. त्यांत कोणी मराठी नांव लिहिलें तर मागें कोरी जागा उरते. सोन्याच्या गुंजा उखळांत घालून कोंडा पाखडावयास बसण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, कीं येथें कोंड्याबरोबर गुंजाही जातात.

आतां मजकूर कापण्याचा तुकडा. पुतण्यानें आमच्यासमोर संगणकास विचारलें, ‘आर्णी’ या शब्दाची लांबी किती? एका रीतीनें विचारलें तेव्हां उत्तर आलें १५. दुसऱ्या रीतीनें, ५. आमच्या बाळबोध मोजणीनें अक्षरें दोनच: आ आणि र्णी. पांच कशीं, तें लौकर उमगलें: आ, र, हलन्ताचें चिन्ह, ण, आणि दीर्घ ईकार. ही तर वर्णांची फोड झाली. ती आम्ही जन्मभर मुलांकडून करून घेतली. पंधरा कसे, तें पुतण्यानें सांगितलें. संगणक साठवण बाइट या मापानें मोजतो. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात. तेव्हां ज्या रकान्याची मर्यादा ५० बाइट ठेविली, त्यांत इंग्रजी अक्षरें ५० मावतात आणि मराठीचीं चिन्हें सोळाच, वर दोन बाइट लटकत. बाइट मोजून कापणारा तुकडा चिन्हाच्या मध्यावरही कापतो, आणि त्या जागीं काळ्या चौकटींत प्रश्नचिन्ह उमटतें. डोळ्यास दिसणारीं अक्षरें मोजण्याचीही रीत आहे. परंतु ‘र्णी’ सारखें जोडाक्षर एकच धरावें हा नियम युनिकोडनें २०२३ सालीं घातला. तोंवर त्या रीतीनें आमच्या गांवाचें नांव तीन अक्षरी होतें.

हें सारें आम्हीं इतकें खोदून विचारलें त्यास कारण होतें. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईच्या नांवें अरुणावतीच्या कांठीं चार एकर कपाशीचें शेत आहे. तिचें नांव येथें देत नाहीं, अन्नपूर्णाबाई धरा. अतिवृष्टींत पीक गेलें, मदत मंजूर झाली, यादी लागली. यादींत बाईंचें नांव पुरें, नवऱ्याच्या नांवाचीं दोनतीन चिन्हें, पुढें तें काळें प्रश्नचिन्ह, आडनांव नाहींच. बँकेंतील नांवाशीं तें जुळेना, पैसे परत गेले. कचेरींत विचारावें तर संगणकांतून असेंच आलें म्हणत. ज्यानें संगणकांत घातलें त्यास विचारावें तर त्यानें पुरें लिहिलें होतें. बाईंनीं चार खेपा घातल्या, प्रतिज्ञापत्र केलें, आणि मधें एक पेरणी उसनवारीनें झाली. पुतण्यानें यादीचा कागद पाहिला, बोटांवर हिशेब केला: ‘अन्नपूर्णाबाई’ हीं १३ चिन्हें, म्हणजे ३९ बाइट, मोकळी जागा एक, चाळीस, उरले दहा, त्यांत तीन चिन्हें व चौथ्याचा तुकडा. रकाना ५० चा असावा, हें त्याचें अनुमान.

दादा म्हणाले, कोणी तरी चूक केली असेलच. पुतण्याचें म्हणणें निराळें. तो तुकडा ज्यानें प्रथम रचला त्याच्यापुढें इंग्रजीच नांवें होतीं, आणि तेथें तो बरोबरच होता. पुढें तो हातोहात गेला. मुळांतच दोष असूनही तुकडे असे फिरतात. बाइटांची संख्या माणसास वाचण्याजोगी करून लिहिणारा एक जावा भाषेंतील तुकडा लुंडब्लाड नांवाच्या प्रोग्रामकारानें २०१० सालीं सार्वजनिक केला. तो हजारों ठिकाणीं उचलला गेला. २०१९ सालीं लुंडब्लाडनेंच लिहून जाहीर केलें, कीं ९,९९,९९९ बाइट दिले असतां तो एक मेगाबाइट न म्हणतां एक हजार किलोबाइट म्हणतो. नऊ वर्षें उचलणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांनीं तो तपासला असावा.

वहींतील एक पान मात्र आम्हांस फार आवडलें. वसईकडील डिसोझा हें नांव रोमन लिपींत लिहितांना त्यांत वरच्या अंगास स्वल्पविरामासारखें चिन्ह येतें. नोंदवहीच्या भाषेंत त्याच चिन्हानें मजकूर संपतो. म्हणून नांव आणि आज्ञा एकाच वाक्यांत चिकटविणारा जुना तुकडा त्या नांवाशीं अडखळतो, आणि दुष्टबुद्धीचा मनुष्य त्याच फटींतून स्वतःची आज्ञा आंत सरकवितो. सुधारलेल्या रीतींत आज्ञा आधीं सिद्ध करतात, नांवाची जागा मोकळी ठेवून. नांव मागाहून, वेगळें पाठवितात, आणि तें कांहींही असलें तरी नांव म्हणूनच घेतलें जातें. त्या मोकळ्या जागीं एक प्रश्नचिन्ह लिहितात. आम्ही म्हटलें, तेथें ‘अमुक’ लिहीत जा.

कापण्याच्या तुकड्यावर पुतण्यानें आतां मराठींत टीप लिहिली आहे: ‘नांवांस लावूं नये, मजकुरास लावल्यास चिन्हें मोजावीं, बाइट नव्हेत.’ ती टीप त्या कचेरीस कां पाठवीत नाहींस, असें दादांनीं विचारलें. तो म्हणाला, “कचेरी प्रोग्राम लिहीत नाहीं, दादाकाका. मक्तेदार लिहितो. मक्तेदाराच्या माणसाचीही एक वही असते.” बाईंचे पैसे यंदा मृगाच्या आदल्या आठवड्यांत जमा झाले, त्यांचें नांव इंग्रजींत लिहिल्यावर.